हिल्डाच्या गळ्यातला हिरवा दगड

हिल्डा,

दुबईतल्या आपल्या मंडळाच्या अंकात तुझ्यासाठी एक पान ठेवलं आहे. फोटो त्यांनी आधीच नेला, हॉटेलच्या काउंटरमागचा, निळ्या युनिफॉर्ममधला. भावानं बहिणीबद्दल चार प्रेमाच्या गोष्टी लिहाव्यात एवढीच त्यांची अपेक्षा आहे. तू चर्चची मिस्सा कधी चुकवायची नाहीस, नाताळात सगळ्यांसाठी मैद्याचे गोडसर फुगे तळायचीस, कोणाच्या घरून वाईट फोन आला की त्याला विमानतळावर सोडायला तूच जायचीस. हे सगळं खरं आहे आणि इथल्या प्रत्येक वसईकराला माहीत आहे, म्हणून मी ते लिहिणार नाही. हे पान मला वेगळ्या कामासाठी हवं आहे. हा अंक ज्या घरांत जातो त्यांतल्या काही घरांत तुझ्या गळ्यात होता तसाच हिरवा दगड आज कुणाच्या तरी गळ्यात आहे. आणि ज्या बाईनं तो विकला तिचं वाटोळं व्हावं अशी माझी इच्छा आहे. चर्चच्या माणसानं असं वाक्य लिहू नये. फादर व्हायला सेमिनरीत इतकी वर्षं काढलेल्यानं तर नाहीच. पण शवपेटीच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या लावताना माझ्या मनात तुझ्यासाठी प्रार्थना नव्हती. तिचं नाव होतं.

मंजिरी. आडनाव छापता येणार नाही असं मंडळानं बजावलं आहे. तू तिला भेटली होतीस, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. पुण्याची आहे. आधी एका कंपनीत एचआरमध्ये होती, मग नोकरी सोडली आणि दुबई मरीनाला उंचावरच्या एका फ्लॅटमध्ये लोकांना बरं करायला लागली. पांढरे सोफे, काचेची भिंत, खाली होड्या. ती स्वतःला डॉक्टर म्हणवत नाही, हुशार आहे. ‘गाइड’ म्हणते.

तिची माझी ओळख माझ्याच ऑफिसात झाली. माझं काम कार्गो सोडवण्याचं. तिचं एक पार्सल कस्टममध्ये अडकलं होतं, कोरलेल्या दगडांचं. कारखान्यात नव्यानं कापलेले, नव्यानं कोरलेले दगड. कागदोपत्री तसंच लिहिलेलं होतं आणि ते कागद मीच भरले. पार्सल उघडून दाखवताना मी एक दगड हातात घेतला आणि त्यावरची ग्रीक अक्षरं सहज वाचली. तिनं माझ्याकडे पाहिलं. सेमिनरी सोडल्यापासून माझ्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं. इतकंच झालं, हिल्डा. एवढ्यावर मी विकला गेलो.

तुला आठवतं, मी सेमिनरी सोडून घरी आलो तेव्हा आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. शेजारच्या बायका येऊन तिचं सांत्वन करून जायच्या, जसा काही मी मेलोच होतो. तू तेव्हा शाळेत होतीस. माझं ताट तूच वाढायचीस आणि समोर बसून विचारायचीस, दादा, आज त्या वेड्या लोकांचं सांग ना. वेडे लोक म्हणजे ग्नॉस्टिक. वर्गात त्यांना एका वाक्यात निकालात काढायचे: गुप्त ज्ञानानं तारण मिळतं असं मानणारे, म्हणून पाखंडी. मला ते एका वाक्यात कधीच मावले नाहीत. त्यांचं म्हणणं, हे जग खऱ्या देवानं केलेलंच नाही. कुणा दुय्यम, गर्विष्ठ सत्ताधीशानं ते बनवलं आणि आत्मा त्यात अडकला. मेल्यावर आत्मा वर निघाला की वाटेत सात आकाशं लागतात, प्रत्येकाच्या दारात एक पहारेकरी. त्याचं खरं नाव आणि ठरलेले शब्द उच्चारता आले तरच तो पुढे सोडतो. असली नावं आणि शब्द त्या काळातले लोक दगडांवर कोरून अंगावर बाळगायचे. कोंबड्याचं डोकं, माणसाचं धड, पायांच्या जागी दोन साप, एका हातात चाबूक, दुसऱ्यात ढाल, असा अब्रासाक्स. त्याच्या नावातल्या अक्षरांची ग्रीक आकड्यांत बेरीज केली की वर्षाचे दिवस भरतात. अब्लानाथानाल्बा, हा शब्द ग्रीक अक्षरांत कुठल्याही टोकाकडून वाचा, तोच. आणि पोटाच्या दुखण्यावर हिरवा दगड, त्यावर सिंहाच्या तोंडाचा साप, डोक्याभोवती किरण. शब्द बहुतेक मागच्या बाजूला, कातडीला टेकतील असे. ते वाचण्यासाठी नव्हतेच, अंगाला लागावेत म्हणून होते.

शाळकरी वयात तू हे सगळं डोळे विस्फारून ऐकलंस. घरात मला त्या वेळी ऐकणारी तू एकटी होतीस. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानायला हवे होते, आणि मी काय केलं ते पुढे येतंच आहे.

मंजिरीसाठी मी पत्रक लिहिलं. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. प्रत्येक दगडावर काय कोरलंय, त्याचा अर्थ काय, प्राचीन लोक तो कशासाठी वापरायचे. खोटं असं एकही वाक्य त्यात नव्हतं, याचा मला अभिमान होता. गाळलेली वाक्यं मात्र दोन होती. एक, की या दगडांतले बरेचसे ग्नॉस्टिकांचे नव्हतेच असं आता अभ्यासक म्हणतात. ते त्या काळच्या बाजारातले तोडगे होते, कोणीही कोणालाही विकायचे. दुसरं जास्त वाईट. त्या काळच्या एका नावाजलेल्या वैद्यानं लिहून ठेवलं आहे की हिरवा दगड पोटाच्या तोंडापर्यंत पोचेल इतक्या लांब दोरीत घातला तर गुण येतो. हे मी ठळक अक्षरांत घातलं. तोच वैद्य पुढे म्हणतो की साप न कोरलेला दगडही तितकाच गुणकारी आहे, मी स्वतः करून पाहिलं. हे मी गाळलं. कोरा दगड कोण विकत घेणार होतं?

मग तुझं पोट दुखायला लागलं.

आधी आपण हसलोच. तू म्हणालीस, स्टाफ कँटीनच्या डाळीचा हा सूड आहे. मग तू रोल्लातल्या माझ्या घरी शुक्रवारी जेवायला यायचीस आणि ताटातलं अर्धं ठेवायचीस. सेलिननं एकदा विचारलं, माझ्या हातची चव गेली का? तू तिला म्हणालीस, वहिनी, चव आहे, जागा नाही. क्लिनिकच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि नळी घालून आतून तपासायला हवं असं सांगितलं. तुला त्या नळीची भीती वाटत होती. शिवाय हॉटेल नवीन मॅनेजमेंटकडे चाललं होतं आणि त्या दिवसांत कोणी सुट्टी मागत नव्हतं. तुला पुढे ढकलायला कारण हवं होतं. ते मी दिलं.

अशाच एका जेवणाला आपला शेवटचा मोठा वाद झाला. मी पुन्हा सात दारांवर आलो होतो. मंजिरीमुळे मला तो विषय नव्यानं चढला होता. तू चमचा खाली ठेवलास आणि विचारलंस, देवाला पासवर्ड कशाला लागतो? मी म्हणालो, तुला साधी भाषा करून सांगतो, तर तू हात वर केलास. “दादा, आमच्याकडे एखादा गेस्ट खोलीचं कार्ड हरवून येतो. त्याला स्वतःचा रूम नंबरही आठवत नसतो. मी काय त्याला बाहेर ठेवते? नाव विचारते, चेहरा बघते, दार उघडून देते. तुझ्या पहारेकऱ्यांना माझ्याएवढीपण अक्कल नाही?” मी म्हणालो, तुझ्याकडे त्याच्या पासपोर्टची कॉपी असते म्हणून. कॉपी नसलेला आला तर? तू म्हणालीस, तर लॉबीत बसवीन, चहा देईन, हाकलणार नाही. रिया फोनमधून मान वर करून म्हणाली, आत्या शुड बी मॅनेजर देअर. सगळे हसले. माझ्याकडे उत्तर होतं, मी ते पुढच्या शुक्रवारसाठी राखून ठेवलं. आता ते उत्तर काय होतं तेही आठवत नाही.

दगडाचा विषय मी काढला. तू नाही. मंजिरीकडे तुला घेऊन मी गेलो. तिनं तुझा हात हातात घेतला, डोळे मिटले, मग दोरी तुझ्या गळ्यापासून पोटापर्यंत मोजून कापली, शिंप्यासारखी. आणि म्हणाली की दगड अंगावर असेपर्यंत तपासण्या नकोत, गोळ्याही नकोत, दोन ऊर्जा एकमेकींत अडकतात. हे पत्रकात नव्हतं. मी कधीच लिहिलं नसतं. पण मी तिथंच बसलो होतो, त्या पांढऱ्या सोफ्यावर, हातात ग्रीन टीचा कप घेऊन, आणि बोललो नाही. लिफ्टमध्ये तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, महिनाभर घालून बघ, मग जाऊ डॉक्टरकडे.

तुझी एकच अट होती. आशीर्वाद घेतल्याशिवाय ही असली वस्तू मी गळ्यात घालणार नाही, तू म्हणालीस. आपल्याकडे नवी जपमाळ असो, गळ्यातला क्रूस असो की गाडीची चावी, मिस्सेनंतर फादरसमोर धरायची, ते दोन शब्द म्हणतात, पाणी शिंपडतात, झालं. लहानपणापासून आपण हेच केलं. मी पुढच्या मिस्सेला एक ताटली नेली. त्यात जपमाळा होत्या, रियाचं संताचं चित्र असलेलं पदक होतं, आणि सगळ्यांच्या खाली तुझा दगड, साप खालच्या बाजूला, शब्द जपमाळांनी झाकलेले. रांग मोठी होती. फादर दमले होते. त्यांनी ताटलीत पाहिलं नाही, हात फिरवला, पाणी शिंपडलं. ज्या पंथाविरुद्ध चर्च शेकडो वर्षं लढलं त्याच्या नावानं विकलेला दगड मी चर्चच्याच पाण्यानं ओला करून आणला. तुला म्हणालो, झाला आशीर्वाद. फादरनी पाहिला का, तू विचारलंस. हो म्हणालो.

माझ्या आयुष्यात मी तुझ्याशी सरळ खोटं बोललो तो हा एकच शब्द.

तू तो घातलास. युनिफॉर्मच्या आत, कोणाला दिसणार नाही असा. महिना झाला, तू म्हणालीस बरं वाटतंय, आणि मला ते ऐकायचंच होतं. दुसरा महिनाही तसाच गेला. तुझा चेहरा उतरला तर सेलिन म्हणाली डाएट करतेस का, आणि तू हो म्हणालीस. मग कामावर असताना काउंटरमागेच तू खाली बसलीस आणि उठली नाहीस. हॉस्पिटलमधल्या सिस्टरनं तुझ्या बांगड्यांबरोबर तो दगड प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. डॉक्टर तरुण होती, केरळची. पोटातल्या गाठीचा रिपोर्ट वाचून तिनं मला बाजूला घेतलं आणि हिंदीत विचारलं, इतने दिन आप लोग क्या कर रहे थे? ओरडून नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

हॉस्पिटलात तुझ्याजवळ बसून मी सगळं सांगायचं ठरवलं होतं. सुरुवात पत्रकापासून केली. तू मध्येच थांबवलंस. तुला माहीत होतं. पहिल्याच दिवशी मंजिरीनं तुझ्या हातात पत्रक दिलं तेव्हाच ओळखलंस. “इतका लांब दम लागणारी वाक्यं दुसरं कोण लिहितं, दादा?” मग का घातलास, मी विचारलं. तू छताकडे बघत होतीस.

“तू लिहिलं होतंस म्हणून.”

आशीर्वादाचं मला तेव्हा बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी बोललो. मग तू माझं मनगट धरलंस, तुझ्यात तेवढी ताकद उरली आहे असं वाटलं नव्हतं. मला खात्री होती की तू माफ करशील. तू कायम करायचीस, आणि मी त्याचीच वाट पाहत खुर्ची पुढे सरकवली होती.

“तिला सोडू नकोस,” तू म्हणालीस. “आणि स्वतः सुटायचं बघू नकोस.”

तुला वसईला नेलं, पुरलं, सातव्या दिवसाची मिस्सा झाली. लोक मला म्हणत होते, बहिणीसाठी किती केलंस. मी मान हलवत होतो.

परत आल्यावर सामान घरी टाकलं आणि भर दुपारी मरीनाला गेलो. मंजिरीनं दार उघडलं, हसली, म्हणाली बऱ्याच दिवसांनी. मी सांगितलं, हिल्डा गेली. तिनं चेहरा गंभीर केला. आठवायचा प्रयत्न केला, मला तो दिसत होता.

“हिल्डा म्हणजे... ती पोटवाली?”

हिल्डा, तोपर्यंत माझ्या मनात राग होता, पण त्यातला बहुतेक माझ्यावरच होता. मी कदाचित तिथं रडलो असतो, ती चार शब्द बरे बोलली असती, आणि मी परत जाऊन मेणबत्ती लावली असती. त्या एका शब्दानं सगळं ठरलं. सात दारांवरच्या सात पहारेकऱ्यांची नावं विकणारी बाई, आणि तिला तुझं नाव आठवेना.

मी विचारलं, तपासणी करू नको असं तू तिला का सांगितलंस? ती म्हणाली, मी असं सक्तीनं कोणाला सांगत नाही. मग शांतपणे, शिकवल्यासारखी विचारायला लागली, की दगड रोज रात्री काढत होती का, कशानं धूत होती का. मी मूर्खासारखं खरं सांगून टाकलं, चर्चमधल्या पाण्याचं. तिनं सोफ्याला पाठ टेकली. “मग जोसेफ, घोळ तुम्हीच केलात ना. दुसरीच शक्ती त्यावर ओतलीत. माझ्याकडे बाकीचे सगळे बरे आहेत.”

इतक्या सफाईनं तिनं तुझं मरण माझ्या खिशात घातलं. आणि अर्ध्या क्षणासाठी मला ते पटलं. सूड घ्यायचं ठरवलं असताना मला ते पटलं, याचा राग मला अजून आवरता येत नाही.

मी म्हणालो, मी पोलिसांत जाणार आहे. इथं जादूटोण्याला आणि भोंदू उपचारांना काय शिक्षा आहे ते तिलाही माहीत होतं. ती पहिल्यांदा घाबरली, मग हसली. पत्रक कोणी लिहिलं, तिनं विचारलं. माल कस्टममधून कोणी सोडवला? तिच्या फोनवर माझे सगळे मेसेज आहेत, मसुदे आहेत. जाल तर दोघं जाऊ, ती म्हणाली. मग तिचा आवाज मऊ झाला. आपण मराठी माणसं, परक्या देशात एकमेकांना धरून राहायचं, की हे असं करायचं? तुमची मुलगी बारावीला आहे ना, नोकरी गेली तर व्हिसा जाईल, तिचं वर्ष जाईल. विचार करा. मी बहिणीसाठी हीलिंग पाठवीन.

सेलिनलाही तीच भीती होती. ती काही चूक बोलत नव्हती. तक्रार निनावी कर, ती म्हणाली, फोनवरून कर, स्वतःचं नाव कशाला घालतोस. झालं ते खलास. हिल्डा परत येणार आहे का? मी तुझं वाक्य तिला सांगितलं, दोन्ही भाग. मग तिनं विचारलं की हिल्डा शुद्धीवर होती का. होती, मी म्हणालो. रिया दारात उभी होती, तिनं पत्रक हातात घेतलं होतं. डॅड, यू रोट धिस? मी हो म्हणालो. तिनं ते घडी न घालता टेबलावर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मला ते योग्य वाटतं.

निनावी तक्रारीत मंजिरी सुटली असती. मी विचार केला होता. तिनं सांगितलं असतं की मी तर क्रिस्टल विकते, शो-पीस. गुप्त शब्द, उपचार, कुठल्या रोगाला कुठला दगड, हे सगळं फक्त पत्रकात होतं, आणि पत्रकावर तिचं नाव नव्हतं. तिला अडकवायला लिहिणारा समोर उभा राहायला हवा होता. तिनंच मला ते सांगितलं, हसत हसत, आणि तिच्या लक्षात आलं नाही.

पोलीस स्टेशनात अधिकारी सभ्य होता. दुभाषी पेशावरचा, मिश्या पिकलेल्या. दगड टेबलावर ठेवला तेव्हा दुभाष्यानं हात मागे घेतला. प्रत्येक अक्षर काय आहे ते मी वाचून दाखवलं, चित्राचा अर्थ सांगितला, कोरा दगडही तेवढाच चालतो हे त्या वैद्याचं वाक्यही सांगितलं. ते अरबीत लिहून घेतलं गेलं. इतकी वर्षं शिकलेलं मी पहिल्यांदाच पूर्ण सांगितलं, काही न गाळता. मग दुभाष्यानं पत्रक उचललं.

“भाईजान, ये लिखा किसने?”

“मैंने.”

त्यानं त्याचं भाषांतर केलं नाही. माझ्याकडे वाकून हळू म्हणाला, सोच लो, एक बार लिखा गया तो लिखा गया. अधिकाऱ्यानं विचारलं काय म्हणतोय. मी स्वतःच मला येतं तेवढ्या अरबीत सांगितलं, मी, मी लिहिलं. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं आणि तो पुन्हा लिहायला लागला.

मंजिरीला दोन दिवसांत हजर व्हायला कळवलं. त्या आधी तिचे फोन आले. मी पहिला घेतला आणि तिला बोलू दिलं. ती रडत होती, तिचा मुलगा, तिचे वडील, तिचं नाव. मी ऐकत राहिलो कारण मला ऐकायला बरं वाटत होतं. हे मी इथं लिहितो, अंक वाचणाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो. देवासमोर मी याचा पश्चात्ताप करीन की नाही ठाऊक नाही. अजून झालेला नाही. शेवटी मी तिला एकच विचारलं, माझ्या बहिणीचं नाव काय. या वेळी तिनं लगेच सांगितलं. हिल्डा, हिल्डा, ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि मी फोन ठेवला.

आता तिचा पासपोर्ट जमा आहे, माझाही. माझी नोकरी गेली. रियाची परीक्षा होईपर्यंत सेलिनच्या नोकरीच्या व्हिसावर त्या दोघी राहू शकतील असं दिसतंय, इन्शाल्ला. ज्यांच्याकडे हे दगड आहेत त्यांना या पानावरून सांगतो: काढून ठेवा आणि डॉक्टरकडे जा, आज जा. माझी लाज वाटून घेऊ नका, माझ्याशी बोललं नाहीत तरी चालेल, पण जा.

काल आईचा फोन होता. महिन्याच्या मिस्सेला तिकीट कधीचं आहे, तिनं विचारलं. फादरना वेळ द्यायची होती, तुझ्या कबरीवरचा क्रूस तोवर तयार होणार होता. मी सांगितलं की यायला जमणार नाही. तिला वाटलं रजा नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. पत्रक, ताटली, आशीर्वाद, महिनाभर घालून बघ. थांबलो असतो तर पुन्हा सांगता आलं नसतं म्हणून एका दमात सांगितलं.

तिनं विचारलं, ती बाई आत गेली का? मी म्हणालो, चौकशी चालू आहे, पण सुटणार नाही.

“तू?”

“मीपण नाही.”

“बरं,” आई म्हणाली. “मग कबरीचं मी बघते. तू येऊ नको. मी बोलवीन तेव्हा ये.”

कधी, ते मी विचारलं नाही. हिल्डा, मंजिरीच्या कोर्टातल्या प्रत्येक तारखेला मी तिथं असेन, तिला दिसेल अशा जागी बसेन, आणि तिला जे मिळेल ते सगळं मिळताना पाहीन. माझंही होईल. पासपोर्ट कधी तरी परत देतील, विमानही मिळेल. पण वसईला यायचं ते आईनं बोलावल्यावर, आणि आईचं वय तुला माहीत आहे.